सेशन गिटारवरून पहिल्या पार्श्वसंगीताकडे : बडोद्यातून, कागदपत्रांसकट

मे २०२५ मध्ये आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सदस्यत्व मंजूर झाल्याची ईमेल आली आणि एका गुजराती चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचं काम माझ्यापुरतं बऱ्यापैकी पूर्ण झालं. संगीत केव्हाच वाजून झालं होतं, चित्रपट लागून उतरलाही होता. कागद मात्र चालूच होते. या सगळ्या काळात शंका विचारायला जवळपास कुणी नव्हतं. मुंबईत असतो तर स्टुडिओबाहेरच्या चहाच्या टपरीवर चार जाणते भेटले असते. बडोद्यात, इंदुरात किंवा नाशकात बसून जे वादक हाच विचार करत असतील, त्यांच्यासाठी घडलं त्या क्रमाने लिहितो आहे, रकमांसकट. दिग्दर्शक, निर्माते आणि सोबतचे वादक यांची नावं घालत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

मी दांडिया बाजारात वाढलो. गिटार शिकलो फतेगंजमधल्या एका सरांकडे. ते रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि स्टाफ नोटेशन वाचता आल्याशिवाय एकही गाणं वाजवू देत नसत. पुढे त्या वाचनावरच माझं घर चाललं. २००३ च्या सुमारास बडोदा आणि अहमदाबादच्या स्टुडिओंत सेशनला जायला लागलो. गरब्याचे अल्बम, भजनं, जिंगल, गुजराती चित्रपटांची गाणी. अरेंजर कॉर्डचा कागद पुढ्यात ठेवतो, कानात ठेक्याची क्लिक सुरू होते, आधी ॲकूस्टिकची रिदम, मग तीच दुसऱ्यांदा डब, मग नायलॉनवर इंटरल्यूड, की गिटार पेटीत. एका गाण्याचे हजार-बाराशेपासून सुरुवात झाली, वीस वर्षांत तीन हजारांपर्यंत पोचलो. वर्षाचं गणित मात्र नवरात्रीवर असायचं. नऊ रात्रींचे मिळून पंचेचाळीस-पन्नास हजार यायचे आणि मुलीच्या शाळेची फी त्यातून जायची.

२०२० मध्ये गुजरात सरकारने सार्वजनिक गरब्याला परवानगी दिली नाही. २०२१ मध्ये शेरी गरबे, म्हणजे गल्लीतले गरबे, सुरू झाले, तेही चारशे माणसांच्या मर्यादेत. मोठ्या मैदानांवरचे ऑर्केस्ट्रा बंदच होते. पत्नीची नोकरी होती म्हणून उपाशी राहायची वेळ आली नाही, पण त्या दोन वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. माझं वाजवणं मी हजर असेपर्यंतच पैसे देतं. स्टुडिओतून बाहेर पडलो की त्या गाण्याशी माझं काहीच नातं उरत नाही. शेकडो गाण्यांत मी आहे आणि बहुतेकांवर माझं नाव नाही. तेव्हा मी बेचाळिशीत होतो.

सर नेहमी इळैयराजांचं उदाहरण द्यायचे. मद्रासमध्ये ते आधी सेशनला गिटार वाजवत, सलील चौधरींकडेही वाजवली, जी. के. व्यंकटेश यांचे साहाय्यक राहिले आणि १९७६ मध्ये संगीतकार म्हणून त्यांचा पहिला चित्रपट आला. सरांना त्यातून एवढंच सांगायचं असायचं की दुसऱ्यांचे कागद वाचता-वाचता माणूस रचना शिकत असतो. त्या उंचीशी स्वतःला जोडायचा प्रश्नच नव्हता, पण रस्ता आहे एवढं कळायला ते पुरेसं होतं.

सुरुवात शिकण्यापासून केली. २०२१ च्या पावसाळ्यात एक इलेक्ट्रिक गिटार विकली आणि घरातली मागची खोली रिकामी केली. चांगल्या रॅमचा संगणक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, जुने वापरलेले मॉनिटर स्पीकर, भिंतींना रॉकवूलची पॅनेल. सगळं मिळून एक लाख साठ हजारांच्या आसपास गेलं. सॉफ्टवेअर रीपर घेतलं, छोट्या व्यावसायिकांसाठी त्याचं लायसन्स साठ डॉलरला मिळतं. तंतुवाद्यांची एक सॅम्पल लायब्ररी नंतर सेलमध्ये घेतली, तिचे सोळा हजार. खर्चाची ही यादी यासाठी की मला लोक पाच-सात लाखांचे आकडे सांगत होते आणि त्या भीतीने मी वर्षभर थांबलो असतो.

गाण्यात वादक लयीच्या आत राहतो. चित्राला फ्रेम असतात, चित्रपटात सेकंदाला २४. दार अमुक फ्रेमला उघडतं आणि संगीत तिथे पोचलेलं हवं, किंवा तिथे मुद्दाम थांबलेलं हवं. मी एक तक्ता करून भिंतीला लावला : ६० च्या टेंपोला एका मात्रेत २४ फ्रेम, ७२ ला २०, ८० ला १८, ९६ ला १५. हे आकडे पूर्णांकात येतात, त्यामुळे कट कुठल्या मात्रेवर पडेल ते तोंडी सांगता येतं. सॉफ्टवेअर हे दाखवतंच, तरी दिग्दर्शक शेजारी बसून ‘इथे अर्धा सेकंद उशिरा आलं तर?’ असं विचारतो तेव्हा हा तक्ता फार उपयोगी पडतो.

आणखी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्यायच्या. फ्रेम रेट २४ आहे, २५ आहे की २३.९७६? २४ वर बेतलेला चित्रपट कुणी २५ वर पळवला तर मिनिटामागे जवळजवळ अडीच सेकंदांचा फरक पडतो आणि सगळे ठोके घसरतात. दुसरं, सॅम्पल रेट. गाण्यांच्या स्टुडिओंत ४४.१ किलोहर्ट्झची सवय असते. चित्रासाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

सरावासाठी चित्रं हवी होती. सुरसागर तलावासमोर आमच्या विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली जी गायनशाळा सुरू केली, तिचंच हे आजचं रूप. तिथल्या नाट्य विभागाची मुलं लघुपट करत असतात आणि त्यांच्याकडे संगीतासाठी पैसे नसतात. मी जाऊन सांगितलं, फुकट करतो, पण चित्र लॉक झाल्यावरच, म्हणजे संकलन कायम झाल्यावरच, द्या आणि श्रेयनामावलीत नाव घाला. वर्ष-दीड वर्ष हे केलं. माझं खरं शिक्षण इथे झालं, कारण मुलं स्पष्ट बोलतात. मग संखेड्याच्या लाखकामाच्या फर्निचरवरचा एक छोटा माहितीपट मिळाला, अठरा हजारांचा. लाकूड लेथवर फिरताना होणाऱ्या आवाजाभोवती मी तो बांधला होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच मुलांपैकी एकाच्या ओळखीतून फोन आला. “दादा, फीचर आहे. बजेट लहान आहे. ऐकून घ्याल का?” कथा अशी : बडोद्याहून छोटा उदेपूरला जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर, निवृत्तीला महिना उरलेला. मी त्याच रात्री रफ कट पाहिला आणि झोप लागली नाही. कथा आवडली होती म्हणून, आणि दोन तासांचं काम आपल्याला झेपेल का या धास्तीनेही.

निर्मात्यांनी पॅकेज सांगितलं : दोन लाख पंच्याहत्तर हजार. पॅकेज म्हणजे वादक, स्टुडिओ, प्रवास सगळं त्यातच, उरेल ते आपलं. लहान चित्रपटांत हीच पद्धत आहे. हो म्हणण्याआधी बसून खर्चाचा अंदाज लिहून काढा, दिग्दर्शकाला किती वाद्यं हवी आहेत हे विचारूनच.

करारनामा आला तो सात पानांचा, इंग्रजीत. त्यात एक वाक्य होतं की सर्व हक्क, जगभर, कायमचे, रॉयल्टीच्या हक्कासह निर्मात्याकडे. रावपुऱ्यातल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी चार हजार घेतले आणि दीड तास समजावून सांगितलं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ प्रमाणे चित्रपटातल्या संगीताचा रचनाकार आपला रॉयल्टीचा वाटा सोडून देऊच शकत नाही. चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळून बाकी सर्व वापरांवर, म्हणजे टीव्ही, ओटीटी वगैरेवर, हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीने त्याचा वाटा राहतो. हा वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. न वाचता कागदांवर सह्या करणारे किती वादक मी याआधी पाहिलेत! तुमच्याकडे मसुदा आला की आधी ‘रॉयल्टी’ हा शब्द शोधा.

आम्ही पाच बदल मागितले. रॉयल्टीचं वाक्य कायद्याप्रमाणे. श्रेय ‘पार्श्वसंगीत’ म्हणून स्वतंत्र पाटीवर. प्रत्येक तुकड्यात दोन फेऱ्यांपर्यंत बदल, त्यापुढे वेगळे पैसे. चित्र लॉक झाल्यानंतर संकलनात बदल झाला तर त्याचं काम वेगळं धरायचं. आणि हप्ते : सहीला तीस टक्के, पहिला पूर्ण आराखडा ऐकवल्यावर तीस, स्टेम (वाद्यगटांच्या वेगवेगळ्या फाइली) दिल्यावर तीस, प्रदर्शनाला दहा. निर्मात्यांचे हिशेबनीस फोनवर म्हणाले की सगळे असंच सही करतात. मी वकीलबाईंनी लिहून दिलेलं कलम वाचून दाखवलं, वाद घातला नाही. तीन आठवडे काहीच उत्तर नव्हतं. काम गेलं असं धरून मी दोन सेशन घेऊनही टाकले. मग अचानक सगळे बदल मान्य होऊन कागद आला. तीनशे रुपयांच्या ई-स्टॅम्पवर जानेवारी २०२४ मध्ये सह्या झाल्या. वाट बघायच्या त्या आठवड्यांत पत्नीने एकदाही ‘करून टाक सही’ म्हटलं नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याच सुमारास उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली. आधारवर होते, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटांच्या संकेतस्थळांवर जाऊ नका. ध्वनिमुद्रण आणि संगीताचा धंदा उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणात ५९ क्रमांकाच्या गटात येतो. तिचा उपयोग पुढे सांगतो.

पहिला हप्ता ब्याऐंशी हजार पाचशेचा, हातात आले चौऱ्याहत्तर हजार दोनशे पन्नास. आयकराच्या तेव्हाच्या कलम १९४जे खाली दहा टक्के टीडीएस कापला गेला. ते पैसे बुडत नाहीत, तरी महिन्याचं गणित करताना ते नाहीतच असं धरावं.

स्पॉटिंगला कारेलीबागेत दिग्दर्शकाच्या घरी बसलो. मी, तो, संकलक आणि ध्वनीचं काम करणारी मुलगी. चित्रपट पहिल्यापासून लावायचा आणि प्रत्येक ठिकाणी ठरवायचं : संगीत इथे सुरू, इथे संपतं, का. मी वहीत टाइमकोड लिहीत होतो. पहिल्या रिळाची सुरुवात ०१:००:००:०० ला, दुसऱ्याची ०२ ला, आणि तुकड्यांना नावं १एम१, १एम२, २एम१ अशी, म्हणजे रिळाचा आकडा, म्युझिकचा ‘एम’ आणि तुकड्याचा क्रमांक. ही नावं शेवटपर्यंत बदलायची नाहीत, फाइलीवर, वादकांच्या कागदावर, बिलावर, सगळीकडे तीच. दोन तासांच्या चित्रपटात पाऊण तासाच्या आसपास संगीत ठरलं.

अडचण टेंपची होती. संकलन करताना त्यांनी एका परदेशी चित्रपटाचं भव्य वाद्यवृंदाचं संगीत तात्पुरतं टाकलं होतं आणि महिनोन् महिने ते ऐकून दिग्दर्शकाच्या कानाला तेच बरोबर वाटायला लागलं होतं. मी त्याला विनंती केली की पुढचा आठवडा चित्रपट संगीताशिवाय पाहा. त्याने पाहिला. नंतर त्यानेच ठरलेल्यातल्या काही जागा रिकाम्या ठेवायला सांगितल्या.

ध्वनीच्या त्या मुलीमुळे या चित्रपटाचं संगीत घडलं असं मी म्हणेन. चित्रपटाचा मोठा भाग बसमध्ये घडतो आणि बसचं इंजिन खालच्या पट्टीत सतत घुमत असतं. त्यावर चेलो किंवा बास घातला की दोन्हींचा चिखल होतो. तिने छोटा उदेपूरच्या डेपोत जाऊन मुद्रित केलेले इंजिनचे आवाज मला पाठवले. उभ्या बसचं घुमणं जवळपास डी स्वरापाशी येत होतं. मी गिटारची सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवली आणि इंजिनलाच तानपुऱ्यासारखं धरलं. बस चालू असेल तेव्हा गिटार वरच्या पट्टीत, बाराव्या फ्रेटच्या पुढे. बस थांबली, इंजिन बंद झालं, की तीच जाड तार खाली येते. शेवटच्या फेरीत कंडक्टर उतरतो तिथे इंजिन बंद होतं आणि मी काहीच वाजवलं नाही, फक्त आधी वाजलेल्या तारेचा ओसरता नाद चालू दिला. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो. संगीतकार आणि ध्वनीचा माणूस बहुतेक वेळा थेट शेवटच्या मिक्सिंगला भेटतात. पहिल्याच आठवड्यात भेटा, फाइली एकमेकांना द्या.

जानेवारीत माइक लावून काही मुद्रित करायचं असेल तर उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दिवस सोडून द्या. गच्च्यागच्च्यांवर स्पीकर असतात, दुसऱ्या दिवशीच्या, वासी उत्तरायणाच्या रात्रीपर्यंत खोलीत काही शिरल्याशिवाय राहत नाही. नंतर लग्नसराई, वरघोडे म्हणजे वराती, डीजे. मी रात्री दोन ते पाच या वेळात गिटार घेतली. आईची झोप सावध. तिने एक दिवस सकाळी विचारलं, “रात्रभर एकच सूर का रे लावतोस?”

मार्चमध्ये पहिला आराखडा पाठवला. आठवडाभर दिग्दर्शकाचा आवाज नाही. वादकाला ‘ओके टेक’ लगेच ऐकायची सवय असते, ही शांतता मला सोसेना. मग तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “दादा, वाजवलंय सुंदर. पण मला गिटार ऐकू येते आणि तेवढ्यात कंडक्टर काय म्हणाला ते निसटतं.” तो अगदी बरोबर बोलत होता. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर आणि गिटारच्या खालच्या तारा एकाच पट्टीत येतात. गिटारची सर्वांत खालची ई ८२ हर्ट्झच्या आसपास असते. शिवाय स्टीलच्या तारेवर पिकचा जो टकटक ठोका पडतो तो दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये, जिथे व्यंजनं ऐकू येतात. मी संवादांचा ट्रॅक वेगळा मागवून घेतला आणि प्रत्येक तुकडा त्याच्यावर पुन्हा बसवला. नायलॉन तारा, नखाऐवजी बोटाचं पेर, आणि वाक्यं संपतात त्या फटींत स्वर. सेशनमध्ये मोकळ्या जागा भरायचे पैसे मिळत, त्यामुळे हात आपोआप भरायला जात होते. तो हात आवरायला एप्रिल उजाडला. दुसरी आवृत्ती त्याने रात्री ऐकली आणि पहाटे फोन केला. फोनवर तो रडत होता, मीही.

एप्रिलच्या शेवटी बाकीचे वादक. बडोद्याचे दोन व्हायोलिनवादक, एक बासरीवादक, आणि अहमदाबादहून एक चेलोवादक. स्टुडिओ तासाला हजार. वीस वर्षं काचेच्या त्या बाजूला बसलेलो असल्याने वादकाला काय हवं असतं ते मला माहीत होतं, आणि ते सगळं करायचं ठरवलं होतं. कागद आठवडाभर आधी पाठवले, सोबत क्लिक आणि कच्चा ट्रॅक. वेळ ठरली ती पाळली. दोन व्हायोलिन तीनदा-तीनदा खुर्च्यांची जागा बदलून घेतली, त्यामुळे लहान का होईना, तंतूंचा घोळका उभा राहिला. उठायच्या आधी प्रत्येकाचे पैसे यूपीआयने दिले, आणि श्रेयनामावलीत नाव कसं हवं ते त्यांच्याच हाताने लिहून घेतलं.

नावाचा हा मुद्दा सौजन्याच्या पुढचा आहे. कॉपीराइट कायद्यात वादकालाही कलाकार म्हणून हक्क आहेत, पण चित्रपटात ज्याचा सहभाग किरकोळ आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठेच दिलं जात नाही, त्याला बहुतेक बाबतींत कलाकार धरलं जात नाही. म्हणून नाव मागा. संगीतकार झालात तर न मागता द्या.

मेच्या शेवटी मुंबईत मिक्सिंग. स्टेम वेगवेगळे द्यायचे : गिटार, तंतू, बासरी, सिंथ, ताल. प्रत्येक फाइल रिळाच्या सुरुवातीशी जुळलेली, आणि आधी दोन सेकंदांवर एका फ्रेमचा बीप, म्हणजे पहिल्या रिळाला ००:५९:५८:०० वर. तो बीप चित्रातल्या बीपशी जुळला की बाकी सगळं जुळलेलं असतं. हार्ड डिस्क दोन न्या, एक बॅगेत, एक खिशात. रात्रीच्या गाडीने गेलो, बोरिवलीला उतरलो, गोरेगावात लॉजवर राहिलो. प्रवास, लॉज आणि जेवण मिळून अकरा हजार.

मिक्सिंगच्या खोलीत मन घट्ट ठेवून बसावं लागतं. महिनाभर घासलेला तुकडा बसच्या हॉर्नखाली जातो. दोन तुकडे दिग्दर्शकाने तिथे बसल्या-बसल्या काढून टाकले. त्यातला एक माझा सर्वांत आवडता होता. तो गेल्यावर प्रसंग पाहिला तेव्हा म्हातारीचा खोकला ऐकू आला आणि तोच प्रसंग होता. मी संगीतकार म्हणून घेतलेल्या निर्णयांपेक्षा त्या दिवशी त्याचा निर्णय चांगला होता, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा हप्ता स्टेम दिल्यावर मिळायचा होता. जून गेला, जुलै गेला. इथे उद्यमचा उपयोग झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावं लागतं, आणि आयकराच्या तेव्हाच्या कलम ४३बी(एच) मुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीनंतरची रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. माझ्या सीएंनी उद्यम प्रमाणपत्र जोडून चार ओळींचं नम्र पत्र लिहिलं. ऑगस्टमध्ये पैसे आले. संबंधही बिघडले नाहीत. बिलावर उद्यम क्रमांक पहिल्यापासून छापा.

चित्रपट नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. शेवटचे दहा टक्के प्रदर्शनाला बांधलेले असल्याने तोवर अडकले होते. पुढच्या करारात मी हा हप्ता ‘स्टेम दिल्यापासून पंचेचाळीस दिवस’ असा लिहून घेतला आहे. आईला पहिल्या रविवारी घेऊन गेलो. श्रेयनामावली संपेपर्यंत ती उभी राहिली, मग म्हणाली, “ती बस बंद पडते तिथे मला वाटलं तू आता वाजवशील.”

हिशेब असा : वादकांना अठ्ठावन्न हजार, स्टुडिओ बावीस हजार, मुंबई अकरा हजार, वकील आणि स्टॅम्प चार हजार तीनशे, सॅम्पल लायब्ररी सोळा हजार. हातात उरले एक लाख त्रेसष्ट हजार सातशे. त्या काळात सोडलेल्या सेशनचा विचार केला तर फायदा फार नाही, पण घर चाललं. आयकराच्या दृष्टीने संगीत दिग्दर्शक हा ‘फिल्म आर्टिस्ट’ या वर्गात येतो, त्यामुळे तेव्हाचं कलम ४४एडीए लागू होतं : जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून आयटीआर-४ भरता येत होता. पॅकेजमध्ये खर्च निम्म्याहून जास्त होत असेल तर हे परवडत नाही, मग पावत्या ठेवून हिशेबवह्या लिहाव्या लागतात. म्हणून सीएंना करार होण्याआधी भेटा. जीएसटीची नोंदणी सेवांना वर्षाला वीस लाखांपर्यंत लागत नाही.

आता आयपीआरएस. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही रचनाकार, गीतकार आणि प्रकाशकांची सोसायटी. अर्ज ऑनलाइन केला, डिसेंबर २०२४ मध्ये. पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, फोटो, आणि प्रदर्शित कामाचा पुरावा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून आडनाव आधी लिहायची पद्धत, त्यामुळे माझं नाव बँकेत एका क्रमाने, पॅनवर दुसऱ्या, आणि श्रेयनामावलीत वडिलांच्या नावाशिवाय. अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन नाव पॅनप्रमाणे करून घेतलं, त्यात नाताळच्या सुट्ट्यांसकट तीन आठवडे गेले. सदस्य होताना आपल्या रचनांचे हक्क सोसायटीच्या नावे लिहून देणारा दस्त करावा लागतो. तो पूर्ण वाचा आणि पुढच्या प्रत्येक करारात आपण सदस्य आहोत हे लिहा, नाहीतर एकच हक्क दोघांना दिल्यासारखं होतं.

याबरोबर क्यू शीट लागते. प्रत्येक तुकड्याचं नाव, कालावधी, कुठे येतो, पार्श्वसंगीत आहे की दृश्यात वाजणारं, रचनाकार कोण, हक्क कुणाकडे. ती निर्मात्याने द्यायची असते, पण लहान निर्मितीत कुणाकडे माणूस नसतो. मीच केली आणि निर्मात्यांची सही घेतली. मिक्सिंगनंतरचे अंतिम कालावधी लिहायचे. काढलेले दोन तुकडे अर्थातच त्यात नाहीत. स्पॉटिंगची वही नीट ठेवलेली असल्याने हे काम एका दुपारीत झालं.

रचनाकार म्हणून ही नोंद झाली. त्याच चित्रपटात गिटार मीच वाजवली आहे आणि वादक म्हणून हक्क वेगळा आहे. त्यासाठी गायक-वादकांची इसामरा ही संस्था आहे. तिचा अर्ज भरायला घेतला आहे. दोन्ही व्हायोलिनवाले, बासरीवाले आणि चेलोवाले यांनाही त्यांच्या नावांच्या पाटीचा फोटो आणि सही केलेल्या क्यू शीटची प्रत काल पाठवली, म्हणजे त्यांना अर्ज करताना माझ्याकडे मागायला नको.